उशाशी बसण्याचे कर्तव्य

औषध देणे हे विद्येचे काम, म्हणून मोठे. आणि रोग्यावर लक्ष ठेवणे हे नुसत्या चिकाटीचे, म्हणून धाकटे, असे आपण सहसा धरून चालतो. ही प्रतवारी नीतीच्या कसोटीस उतरते काय?

२०२५ च्या जानेवारीत पुण्यात सिंहगड रस्त्याच्या परिसरात गिलेन-बॅरे विकाराचे रुग्ण वाढले, तेव्हा येथे झाशीतही आम्हां मराठी मंडळींच्या बोलण्यात इम्युनोग्लोब्युलिनचे नाव येऊ लागले. हे औषध हजाराहून अधिक दात्यांच्या रक्तद्रवातून काढतात. या विकारात ते सामान्यतः पाच दिवस, दररोज वजनाच्या किलोमागे ०.४ ग्रॅम, असे शिरेवाटे देतात. म्हणजे साठ किलोच्या माणसास एकूण १२० ग्रॅम.

इतक्या परक्यांचे देणे अंगात उतरताना शरीर कधी बिथरते. थंडी, ताप, डोकेदुखी बहुधा वेग कमी केल्याने शमतात. परंतु क्वचित रक्ताची गुठळी होते, मूत्रपिंडे निकामी होतात, श्वास कोंडतो. वृद्धांस, मधुमेह्यांस आणि शरीरातील पाणी घटलेल्यांस भय अधिक. म्हणून आरंभ संथ करावयाचा. नाडी, रक्तदाब, ताप वारंवार पाहावयाचे, लघवीवर लक्ष ठेवावयाचे, आणि सोसते असे दिसल्यावरच वेग वाढवावयाचा. तीव्र डोकेदुखी व मानेचा ताठरपणा दुसऱ्या दिवशीही उद्भवू शकतो. तेव्हा घरी गेल्यावरही सावध राहावे लागते.

कोणी म्हणेल, एका परिचारिकेकडे चाळीस खाटा असतील तर हे घडावे कसे? आणि लक्ष ठेवता येत नाही म्हणून औषधच नाकारावे, तर तोही अन्याय. आक्षेप खरा आहे. परंतु त्यातून निष्पन्न होते ते इतकेच, की बाटलीचा खर्च मंजूर करणाऱ्याने बाटलीपाशी बसणाऱ्या माणसाचे वेतनही मंजूर केले पाहिजे.

आपल्यापैकी कित्येकांचे आयुष्य नोंदवह्यांत गेले. 'पाहिले, ठीक' हा शेरा न पाहताही लिहिता येतो, हे आपणांस सांगावयास नको. चार तासांचे आकडे एका बैठकीत भरले तर तक्ता निर्दोष दिसतो. रोगी मात्र ते चार तास एकटाच असतो.

येथील किल्ल्याच्या बुरुजांवर पहारेकऱ्यांच्या बहुतेक रात्री काही न घडताच सरल्या असतील. घात कोणत्या रात्री होणार हे आधी कळत नाही, म्हणूनच प्रत्येक रात्र जागावी लागते. दहा रोग्यांना काही झाले नाही, एवढ्यावर अकराव्याकडे पाठ फिरविता येत नाही. त्याच्या उशाशी जागणे हा औषधाच्या मात्रेचाच भाग होय. तो न देणाऱ्याने औषध अर्धेच दिले, असे आम्हांस वाटते.