हृदयाची साक्ष

वर्गात एखादा मुलगा म्हणाला, "गुरुजी, पोट दुखायलंय," की मी आधी त्याची वही पाहतो. गृहपाठ झाला नसेल तर पोटदुखी खोटी. हे माझे शास्त्र मी घरातही वापरले, आणि तेथे ते फसले.

आमच्या वहिनी भाकरी करता करता मधेच भिंतीला टेकून बसत. "छातीत पाखरू अडकल्यावाणी फडफडायलंय," म्हणत. थोड्या वेळाने काही झालेच नाही अशा उठून पुन्हा भाकरी थापू लागत. दुखणे असे बटन दाबल्यासारखे येते आणि जाते होय? वहिनी मनाला फार लावून घेतात, असे आम्ही ठरवले. एकदा कार्डिओग्राम काढला, तो स्वच्छ. मग काय, आमच्या घरगुती न्यायालयाने निकालच दिला.

त्याच सुमारास माझेही हृदय बिघडले. रात्री चहावर चहा घेत लिहीत बसलो, की एखादा ठोका चुके आणि मागोमाग छातीत दणका बसे. कादंबरीकाराच्या हृदयाला असे व्हायचेच! घरात यावर कोणी शंका घेतली नाही. वहिनींनी तर माझे दूध वाढवले.

शेवटी आम्ही दोघे धर्मापुरीहून अंबाजोगाईला एका डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी वहिनींना विचारले, "सुरू हळूहळू होतं की एकदम? ठोके कसे पडतात ते टेबलावर वाजवून दाखवा." वहिनींनी बोटांनी भराभर, पण भजनातल्या टाळांसारखा एकसारखा ठेका धरला. भीतीची किंवा तापाची धडधड चढत जाते आणि उतरत जाते, डॉक्टर सांगू लागले. एकदम उठून एकदम थांबणारी, मिनिटाला १५० ते २२० ठोक्यांची एकसारखी धडधड बहुधा हृदयातली वीज आडवाटेने फिरू लागल्यामुळे होते. ती थांबल्यावर काढलेला आलेख स्वच्छ येऊ शकतो. म्हणजे ज्या खुणेवरून मी वहिनींना खोटे ठरवले होते, तीच त्यांच्या खरेपणाची खूण होती!

आणि माझा दणका? वेळेआधी पडलेला एक ठोका, त्यानंतरची विश्रांती आणि मग जोराचा ठोका. हृदय निरोगी असेल, तर बहुधा निरुपद्रवी.

शार्ङ्गधराने नाडीला सर्पाची, बेडकाची, हंसाची चाल दिली. हृदयाची वीज कागदावर उतरवणाऱ्या आइन्थोव्हेनला १९२४ साली नोबेल पारितोषिक मिळाले. पण डॉक्टरांचे एक बोलणे मला अधिक छळते. काहींची नाडी कसलाही ताल न धरता पडते. पुष्कळांना ते जाणवतही नाही, आणि हृदयात गुठळी होऊन ती मेंदूकडे गेली तर अर्धांगवायू होतो. ज्याची तक्रारच नाही, त्याची साक्ष कोणी काढायची? आणि प्रत्येक तक्रार खरी मानली, तर परीक्षेच्या सकाळी माझा अर्धा वर्ग अंथरुणात! याचे उत्तर मला अजून सापडलेले नाही. धावता धावता शुद्ध हरपलेल्या मुलाला मात्र आता मी वही मागत नाही. तसाच दवाखान्यात पोचवतो.

परवा केदारेश्वराच्या आवारात वहिनी एकाएकी खाली बसल्या. मी मनगट धरून घड्याळ पाहू लागलो. डॉक्टरांनी शिकवल्याप्रमाणे त्यांनी नाक-तोंड मिटून जोर लावला. पाखरू थांबले.

"किती भरले, भावजी?"

"मोजता आले नाहीत, वहिनी. फार जलद होते."

"मग आता तरी खरं वाटायलंय का?"

मी घड्याळाला किल्ली देऊ लागलो.