सही कुणाची?

कारखान्यात पाळी संपताना एक वही भरली जाते. कुणी तिला लॉगबुक म्हणतं, कुणी नुसतं रजिस्टर. आठ तासांत काय चाललं, काय बंद पडलं, कुठलं तापमान चढलं, पुढच्या पाळीनं कशाकडे लक्ष ठेवायचं, एवढं त्यात लिहायचं आणि खाली सही करायची. रायपूरहून बिलासपूरच्या रस्त्याला लागलं की सिलतरा औद्योगिक क्षेत्र येतं. तिथे स्पंज आयर्नचे कारखाने आहेत, रोलिंग मिल आहेत, विजेचे संच आहेत, आणि अशा कितीतरी वह्या दिवसातून तीनदा हात बदलतात. कामाच्या ठिकाणचा अहंकार, गटबाजी आणि खुर्चीची ओढाताण यांचा विचार करायला मला या वहीइतकी चांगली जागा दुसरी सुचत नाही. माणूस स्वतःविषयी काय बोलतो याला तिथे किंमत नसते. त्यानं काय लिहिलं, काय लिहायचं टाळलं आणि खाली सही केली की नाही, एवढंच उरतं.

या विषयावर आपल्याकडे दोन प्रकारचे सल्ले मिळतात. पहिला संतांच्या नावानं दिला जातो: अहंकार सोडा, मग भांडणच उरणार नाही. दुसरा व्यवहारी माणसं देतात: राजकारण सगळीकडे असतंच, तेव्हा तेही शिकून घ्या, कुणाच्या कानाला लागायचं, कुणाला सीसीत ठेवायचं, कुठे मूग गिळून बसायचं. पहिला सल्ला कामाच्या जागी लागू पडत नाही, कारण ज्याला आपल्या कामाचा अभिमानच नाही असा फोरमन कुणालाही नको असतो. दुसरा लागू पडतो, आणि तीच त्याची अडचण आहे. तो शिकलेला माणूस बऱ्याचदा वर चढतो. पण चढताना खर्च किती झाला आणि तो कुणाच्या खिशातून गेला, हा प्रश्न त्या सल्ल्यात बसत नाही.

तो खर्च पाहायचा तर भट्टीपाशी जावं लागतं. कोळशावर चालणारी स्पंज आयर्नची फिरती भट्टी, म्हणजे किल्न, हा एक लांबलचक, किंचित उतरता पोलादी नळा असतो. आतून उष्णतेला दाद न देणारं अस्तर. एका टोकानं लोहखनिज, कोळसा आणि थोडा डोलोमाइट आत जातो. नळा मिनिटाला एका फेऱ्याहूनही कमी वेगानं फिरत राहतो. आत हजार अंश सेल्सियसच्या आसपास तापमान असतं. त्यात खनिजातला ऑक्सिजन निघून जातो आणि खनिज न वितळताच त्याचं लोखंड होतं. पुष्कळसं कौशल्य ते तापमान आवरण्यात आहे. एखाद्या जागी ते फार चढलं तर राख आणि बारीक माल मऊ होऊन अस्तराला चिकटतो, त्यावर आणखी थर बसतात आणि नळ्याच्या आत कडं तयार होतं. त्याला ॲक्रिशन म्हणतात. कडं वाढत गेलं की माल पुढे सरकेनासा होतो. शेवटी भट्टी बंद करून, थंड करून, माणसांना आत शिरून ते फोडावं लागतं.

भट्टीच्या लांबीवर ठिकठिकाणी तापमान मोजणारी थर्मोकपल बसवलेली असतात. समजा, त्यांतलं एक खऱ्यापेक्षा कमी आकडा दाखवतंय, हे एका पाळीच्या प्रमुखाच्या लक्षात आलं आहे. ते वहीत लिहिलं तर देखभाल विभागाकडे बोट जाईल, आणि त्या विभागाचे साहेब त्याच्याच गटातले आहेत. किंवा उलट घ्या. येणाऱ्या पाळीचा प्रमुख त्याचा प्रतिस्पर्धी आहे, दोघांची नावं एकाच बढतीसाठी पुढे आहेत, आणि समोरच्याची जरा फजिती झाली तर याला वाईट वाटायचं कारण नाही. दोन्ही वेळा तो खोटा आकडा लिहीत नाही. एक ओळ लिहायची राहू देतो, एवढंच. पुढे कुणी विचारलं तर ‘मला वाटलं, तुम्हाला ठाऊक असेल’ हे उत्तर तयार असतं.

कार्यालयीन राजकारणाचं मुख्य हत्यार हेच आहे असं मला वाटतं. आरडाओरडा, टोमणे, बैठकीत केलेला पाणउतारा ही त्याची दिसणारी बाजू. ती दिसते म्हणून तिची चर्चा होते. पण सत्ता चालते ती माहिती अडवून. फाइल दोन दिवस उशिरा पाठवायची, बैठकीची वेळ बदलल्याचं एकालाच कळवायचं नाही, नव्या माणसाला यंत्राची खोड सांगायची नाही. शाळेच्या शिक्षक-खोलीत, विद्यापीठाच्या विभागात, वृत्तपत्राच्या कचेरीत हेच चालतं. तिथे परिणाम हळू दिसतो, भट्टीपाशी लवकर दिसतो. आपल्याकडे म्हणतात, दोघांचं भांडण आणि तिसऱ्याचा लाभ. कामाच्या जागी बहुतेक वेळा दोघांच्या भांडणात तिसऱ्याचा तोटा होतो. कडं फोडायला जे आत शिरतात ते बहुधा ठेकेदाराकडचे मजूर असतात; कुणी जवळच्या गावातला, कुणी ओडिशातून, कुणी बिहारमधून आलेला. बढती कुणाला मिळावी याच्याशी त्यांचा काही संबंध नसतो. कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो, वासही नसतो. तो कुठे साचतो हे कळायला मोजणारं यंत्र आणि आधीच्या माणसानं दिलेली सूचना, याखेरीज फारसा आधार नाही. ती सूचना न देणारा माणूस प्रतिस्पर्ध्याला धडा शिकवत असतो, असं त्याला वाटतं.

मग अहंकाराचं करायचं काय? इथे सांख्यांची जुनी मांडणी कामी येते. त्यांच्या पंचवीस तत्त्वांत अहंकार दुर्गुण म्हणून येत नाही, एक तत्त्व म्हणून येतो. प्रकृतीपासून बुद्धी, बुद्धीपासून अहंकार, आणि अहंकारापासून मन, इंद्रियं व तन्मात्रा. मी त्याचा साधा अर्थ असा घेतो: ‘हे मी पाहिलं’, ‘हे मी केलं’ असं म्हणणारा कुणी असल्याखेरीज पाहणं आणि करणं कुणाचंच राहत नाही. वहीखालची सही म्हणजे नेमकं हे म्हणणं. हे माझ्या डोळ्यांदेखत झालं, यात चूक निघाली तर मला विचारा. तिथे ‘मी’ हवाच. बिघाड सुरू होतो तो ‘मी’ श्रेयाच्या यादीत पहिला आणि जबाबदारीच्या यादीत बेपत्ता झाला की. उत्पादनाचा विक्रम झाला तर फोटोत साहेब मधोमध. भट्टी बसली तर खापर पाळीतल्या सर्वांत कनिष्ठ माणसावर. तेव्हा माणसात अहंकार किती आहे यापेक्षा तो आपलं नाव कुठे घालतो, हे पाहावं.

यावर कुणी म्हणेल, सहीनिशी भांडणारा माणूसही अहंकारापोटीच भांडत असू शकतो. खरं आहे. तत्त्व आणि मानापमान एकाच भाषेत बोलतात. भांडणाऱ्याला स्वतःलाही त्यांतला फरक कळेल असं नाही. मराठी माणसाला याचं सर्वांत परिचित उदाहरण पुण्यातलं आहे. टिळक आणि आगरकर ही संस्था उभारायला एकत्र आलेली माणसं. १८८० साली न्यू इंग्लिश स्कूल निघालं, १८८४ साली डेक्कन एज्युकेशन सोसायटी, १८८५ साली फर्ग्युसन कॉलेज. कोल्हापूर प्रकरणात १८८२ साली दोघांनी डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस बरोबर काढले. पुढे पाचच वर्षांत आगरकर ‘केसरी’तून बाहेर पडले आणि १८८८ साली त्यांनी ‘सुधारक’ काढला. १८९० साली टिळकांनी सोसायटीचा राजीनामा दिला. वाद होता तो आजीव सदस्यांच्या पगाराचा, बाहेरून मिळणाऱ्या उत्पन्नाचा, संस्थेला वाहून घेतलेल्या माणसानं बाहेरचं काम अंगावर घ्यावं का याचा. गोखल्यांनी सार्वजनिक सभेचं चिटणीसपद स्वीकारलं हे शेवटचं निमित्त झालं. टिळकांच्या हातीही तेव्हा वृत्तपत्रांचं काम होतंच.

यात तत्त्व किती आणि दुखावलेपण किती, हे आज तराजूत घालून सांगता येणार नाही. मला ते सांगायची गरजही वाटत नाही. तपासता येतं ते भांडणाचं वळण. आगरकर ‘केसरी’त बसून सहकाऱ्यांच्या नकळत आपली मतं घुसडत राहिले नाहीत, ती स्वतःच्या जबाबदारीवर मांडता येतील असं पत्र त्यांनी काढलं. टिळकांनी आपल्या राजीनाम्याची कारणं सहकाऱ्यांपुढे सविस्तर लेखी मांडली आणि ज्या जागेवरून संस्था अडवून धरता आली असती ती जागा सोडली. कडवटपणा दोन्हीकडे होता; दोन्ही पत्रांतून एकमेकांवर बोचरं लिहिलं गेलं. पण ते ज्याचं त्याच्या नावावर होतं, आणि ज्याला उत्तर द्यायचं त्याला देता येत होतं. आगरकर १८९५च्या जूनमध्ये गेले तेव्हा ‘केसरी’तला मृत्युलेख टिळकांनी लिहिला. उघड भांडण झालं होतं म्हणून तसा लेख लिहिणं शक्य झालं असावं. आतून कुरतडलेल्या माणसावर मृत्युलेख लिहिताना लेखणी कशी चालेल?

उघडपणाला किंमत मोजावी लागते, हेही सांगायला हवं. १९८६च्या जानेवारीत अमेरिकेच्या ‘चॅलेंजर’ यानाच्या उड्डाणाच्या आदल्या रात्री अग्निबाण बनवणाऱ्या मॉर्टन थायोकॉल कंपनीच्या अभियंत्यांनी सांगितलं की थंडीत रबरी कड्या ताठरतात, ५३ अंश फॅरनहाइटच्या, म्हणजे सुमारे १२ अंश सेल्सियसच्या खाली उड्डाण करू नका. नासाच्या अधिकाऱ्यांना हे रुचलं नाही. कंपनीच्या वरिष्ठांनी आपसांत बोलून आधीची शिफारस फिरवली. उड्डाणस्थळी कंपनीचे प्रतिनिधी ॲलन मॅक्डॉनल्ड होते. त्यांनी त्या कागदावर सही करायला नकार दिला. युटामधल्या त्यांच्या वरिष्ठानं सही करून कागद फॅक्सनं पाठवला. दुसऱ्या दिवशी यान ७३ सेकंदांत कोसळलं, सात माणसं गेली. चौकशी आयोगापुढे मॅक्डॉनल्ड खरं बोलले तेव्हा कंपनीनं त्यांना कामावरून बाजूला सारलं. अमेरिकी काँग्रेसमध्ये आवाज उठल्यावर त्यांना परत घेतलं गेलं आणि त्याच अग्निबाणाच्या फेररचनेचं काम त्यांच्याकडे आलं.

त्यांच्या नकारानं उड्डाण थांबलं नाही. एवढंच झालं की ‘आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं’ असं म्हणायची सोय राहिली नाही. हे थोडं आहे, पण पुढच्या उड्डाणांतल्या माणसांच्या दृष्टीनं थोडं नाही.

मात्र काँग्रेस पाठीशी उभी राहील असं भाग्य सिलतऱ्यातल्या पाळीप्रमुखाला कुठलं? आणि ठेकेदाराकडच्या मजुराचं तर नावच फक्त ठेकेदाराच्या मस्टरवर असतं. लॉगबुकात त्याच्यासाठी रकाना नसतो. ज्याला सही नाही त्याच्याकडे सहीचं धैर्य मागणं हा चावटपणा होईल. म्हणून ही मागणी सर्वांकडे सारखी करता येत नाही. ती खुर्चीच्या उंचीप्रमाणे वाढत जाते. ज्याची नोकरी एका खऱ्या ओळीनं जाणार नाही त्यानं ती ओळ आधी लिहायची, आणि ज्याची जाऊ शकते त्याच्या वतीनंही लिहायची.

साहेब लोक तक्रार करतात की खालची माणसं काही सांगत नाहीत. पण वाईट बातमी लिहिणाऱ्याला दुसऱ्या दिवशी मेमो मिळाला, की तिसऱ्या दिवसापासून वहीत सगळं ठीकठाक दिसू लागतं. अळीमिळी गुपचिळी खालून सुरू होत नाही. वरून शिकवली जाते. एखाद्या कचेरीत राजकारण किती आहे हे जोखायचं असेल तर तिथे भांडणं किती होतात ते मोजू नये. शेवटची वाईट बातमी कुणी आणली होती आणि त्याचं पुढे काय झालं, हे विचारावं.

आपल्यापुरता प्रत्येकानं दोन प्रश्न विचारता येण्यासारखे आहेत. मी ज्यासाठी भांडतोय ते दुसऱ्याच्या नावानं झालं तर मला चालेल का? आणि मी चहाच्या टपरीवर त्याच्याविषयी जे बोलतोय ते सहीनिशी लिहून देईन का? पहिल्याचं उत्तर ‘नाही’ आलं तर भांडण कामाचं नसून नावाचं आहे. दुसऱ्याचं ‘नाही’ आलं तर ते बोलणं मत नसून चुगली आहे. दोन्ही उत्तरं आली म्हणून माणूस लगेच सुधारतो असं नाही, पण आपण काय करतोय हे निदान त्याला कळतं.

बढतीसाठी भांडावं, पगारासाठी भांडावं, मतासाठी तर भांडावंच. माणसं एकत्र काम करतील तिथे हे होणार, आणि ते अगदीच होत नसेल तर कुणीतरी धाक घातला आहे असं समजावं. मर्यादा एकच आहे. येणाऱ्या पाळीचा माणूस मित्र आहे की वैरी हे पाहून त्याच्या हाती द्यायची माहिती कमी-जास्त करायची नाही. ती त्याच्यासाठी नसतेच. त्याच्या मागून भट्टीत जे शिरणार आहेत त्यांच्यासाठी असते.