दोन गाड्या, एक चढ

क्युबेकच्या दक्षिण भागात वालकूर नावाचं छोटं गाव आहे. त्याच्या आसपासच्या टेकड्यांवर मॅपलची दाट राई. तिथल्या एका शेतघरात आई, थोरली मुलगी आणि धाकटा मुलगा राहत. वडील गेले तेव्हा मागे राहिली मॅपलची राई, कर्ज फिटलेलं घर आणि गोठ्यात ताडपत्रीखाली झाकलेल्या दोन जुन्या स्नोमोबिल. दोन्ही एकाच मॉडेलच्या, एकाच वर्षी घेतलेल्या. इंजिन पंख्याच्या वाऱ्यानं थंड होणारं दोन सिलिंडरचं टू-स्ट्रोक, रोटॅक्स ५०३. हे इंजिन इतकं साधं आणि भरवशाचं की हलक्या हौशी विमानांनाही ते बसवत.

ज्यांनी स्नोमोबिल पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगायला हवं. पुढे दोन स्की, मागे रुंद रबरी ट्रॅक. ट्रॅकवर दात असतात, ते बर्फात रुततात आणि गाडी पुढे ढकलतात. गिअर नसतात. आपल्या गिअर नसलेल्या स्कूटरमध्ये असतो तसाच बेल्ट दोन पुल्यांवर फिरतो. इंजिनाकडची पुली म्हणजे पुढचा क्लच. त्यात एक स्प्रिंग आणि काही वजनं असतात. इंजिन किती आरपीएमला पोहोचल्यावर गाडीनं हलायचं, हे ती स्प्रिंग आणि ती वजनं ठरवतात. जुनी गाडी घरी सुधारणाऱ्याला सगळ्यात स्वस्तात सगळ्यात मोठा फरक पाडता येतो तो इथेच. आणि सगळ्यात मोठी चूकही इथेच होऊ शकते.

ऑक्टोबरात आईनं गवताच्या गाठी बांधायचं यंत्र विकलं आणि दोघांच्या हातावर सहाशे-सहाशे डॉलर ठेवले. म्हणाली, "मार्चमध्ये दोघांनाही राईत जायचंय. आपापली गाडी तयार करा. कशी करायची ते तुमचं तुम्ही ठरवा."

मार्चचं महत्त्व त्या भागात मोठं. रात्री पारा शून्याखाली आणि दिवसा शून्याच्या वर असला की मॅपलचा रस वाहू लागतो. तो गोळा करायला झाडाझाडांतून नळ्या ओढलेल्या असतात आणि रस उताराउतारानं खालच्या भट्टीघरात येतो. साधारण चाळीस लिटर रस आटवला की एक लिटर पाक मिळतो. हंगाम काही आठवड्यांचा. त्यात खारी नळ्या कुरतडतात, फांद्या पडून सांधे सुटतात, म्हणून रोज कुणालातरी राईतून फिरून गळती शोधावी लागते. हे काम दहा पावलं जायचं, थांबायचं, उतरायचं, पुन्हा निघायचं, अशा चालीचं. मागे घसरगाडीवर नळ्यांची भेंडोळी आणि हत्यारं.

मुलाच्या हातात कसब होतं. त्यानं महिनाभर शोधून एक वापरलेला ट्यून्ड पाइप, म्हणजे इंजिनाचा जोर वाढवणारा धुराचा पाइप, मिळवला. पुढच्या क्लचमध्ये कडक स्प्रिंग आणि हलकी वजनं घातली, म्हणजे इंजिन पाइपला मानवणाऱ्या वरच्या आरपीएमला जाऊनच गाडी हलेल. पाइप बदलला की कार्ब्युरेटरचे जेटही, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणारी भोकंही, बदलावी लागतात, हे त्याला माहीत होतं. थंडी वाढली की हवा दाट होते, दाट हवेला जास्त पेट्रोल लागतं, म्हणून तो पारा बघून जेट निवडायचा. निघालेली जुनी स्प्रिंग आणि जुनी वजनं त्यानं फेकली नाहीत, कॉफीच्या डब्यात चिठ्ठी लावून ठेवली. हे काम त्यानं मनापासून आणि नेटकं केलं होतं.

मुलीनं पहिल्या संध्याकाळी फक्त गाडी उघडली. पैसे कुठे घालायचे हे ठरवण्याआधी तिला गाडीत काय मरायला टेकलंय ते बघायचं होतं. कॉम्प्रेशन मोजलं, दोन्ही सिलिंडर जवळजवळ सारखे भरले. मग कार्ब्युरेटर काढला. कार्ब्युरेटर आणि इंजिन यांना जोडणारा रबरी बूट वरून अगदी ठणठणीत दिसत होता. तिनं तो दिव्याजवळ धरला आणि अंगठ्यानं वाकवला. काळ्या रबरावर केसासारख्या रेघा उमटल्या, आणखी वाकवल्यावर त्या उघडल्या, आणि एकीतून पलीकडचा उजेड दिसला. तिथून हवा आत शिरत राहिली तर मिश्रणात पेट्रोल कमी पडतं. टू-स्ट्रोकमध्ये आत येणारं पेट्रोल पिस्टनला थंडही ठेवतं. ते कमी पडलं की पिस्टन तापतो, फुगतो आणि सिलिंडरमध्ये जाम होतो. ऐन जंगलात, घरापासून लांब.

तिनं भावाला बोलावून दाखवलं. "तुझाही असाच असणार. दोन बूट मागवते."

"माझी छान चालतेय," तो म्हणाला. "हंगाम संपला की बघू."

तिचे बहुतेक पैसे असे गेले की गाडी बघून कुणाला कळणारही नाही. नव्या पेट्रोलच्या नळ्या, ब्रेकपॅड, ट्रॅकच्या चाकांची बेअरिंग, ट्रॅक ज्यांच्यावरून सरकतो त्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या, एक जादा बेल्ट. हे झाल्यावर उरलेल्या पैशांत काय बदलायचं याचा विचार तिनं केला. जुन्या सामानाच्या आवारातून दोन दातांनी लहान स्प्रॉकेट, म्हणजे साखळीचं दातेरी चाक, आणलं आणि साखळीच्या पेटीत वरच्या जागी बसवलं. गाडीचा वेग घटला, ओढ वाढली. हँडल थोडं उंच केलं, उभ्यानं चालवता यावं म्हणून. मागे दोरीऐवजी लोखंडी दांडीचा पक्का जोड लावून घेतला, कारण दोरीनं बांधलेली घसरगाडी उतारावर पुढच्या गाडीला येऊन धडकते.

नाताळच्या दिवसांत घरामागच्या गोठलेल्या कुरणावर दोघांनी शर्यत लावली. शेजारपाजारचे जमले होते. भावाची गाडी जागच्या जागी गुरगुरली, मग झेप घेऊन निघाली आणि बहीण अर्ध्यावर यायच्या आत पलीकडच्या कुंपणाला पोहोचली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. एकानं बहिणीला विचारलं, "सहाशे डॉलरमध्ये तू नक्की काय केलंस?" तिला काही सांगता येईना. पेट्रोलची नळी बदलली, हे काय सांगायचं?

मला या प्रश्नाचं दुःख कळतं. देखभालीला कुणी टाळ्या वाजवत नाही. जे बिघडलं नाही ते कुणाला दिसत नाही.

स्नोमोबिलची जुनी गोष्टही याच गावातली. वालकूर हे जोसेफ-आर्माँ बोंबार्डिए यांचं गाव. १९२२ साली, पंधरा वर्षांचे असताना, त्यांनी वडिलांनी दिलेलं फोर्ड मॉडेल टीचं जुनं इंजिन घसरगाडीवर चढवलं, मागे विमानासारखा पंखा लावला आणि भावाला घेऊन ती गावातून फिरवली. गाडी चालली. पण तो पंखा उघडा होता आणि वडिलांनी ती मोडायला लावली. ही गोष्ट तिथे पोराच्या हुशारीची म्हणून सांगतात. मला त्यातला बापही तितकाच मोठा वाटतो. पुढे १९३४ च्या हिवाळ्यात बोंबार्डिए यांचा दोन वर्षांचा मुलगा पोटाच्या दुखण्यानं गेला. रस्ते बर्फानं बंद होते आणि इस्पितळापर्यंत नेण्याजोगं वाहन त्यांच्याजवळ नव्हतं. १९३७ साली त्यांना त्यांच्या ट्रॅकच्या रचनेचं पेटंट मिळालं आणि त्यांच्या मोठ्या बर्फगाड्या डॉक्टरांना, शाळकरी मुलांना, टपालाला घेऊन धावू लागल्या. एक-दोन माणसांची छोटी स्नोमोबिल, स्की-डू, आली १९५९ मध्ये. मौज, शर्यती हे सगळं त्या गाडीला नंतर चिकटलं. आधी होतं ते माणसाला बर्फातून सुखरूप पलीकडे नेण्याचं काम.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात ऊन पडलं आणि रस धावू लागला. आई पासष्टीची, पण राईतलं एकेक झाड तिच्या ओळखीचं. ती बर्फात चालायचे पसरट जोडे घालून टेकडीपलीकडच्या खोलगट भागात गळती शोधायला गेली. नळी जोडताना बाजूला सरकली आणि बर्फाखाली दडलेल्या आडव्या ओंडक्यापाशी पाय आत गेला. नडगी मोडली.

हाक ऐकली मुलानं, तोच जवळ होता. पाच मिनिटांत तो पोहोचला, आणि त्याच्या गाडीचा तो वेग त्या क्षणी खरोखर कामी आला. त्यानं दोन फांद्या आणि आपला मफलर घेऊन पाय बांधला, आईला अलगद घसरगाडीवर निजवलं आणि बहिणीला फोन लावून ॲम्ब्युलन्स बोलवायला सांगितलं.

मग तो गाडीवर बसला आणि हळूच थ्रॉटल दाबला. काही हललं नाही. आणखी दाबला. इंजिन चढत गेलं, चढत गेलं, आणि क्लचनं बेल्ट पकडला तसा सगळा जोर एकदम ट्रॅकला मिळाला. गाडीनं हिसका दिला, दोरी ताणली, आणि मागून आईची किंकाळी आली.

तो उतरला, तिचा पाय सारखा केला, पुन्हा बसला. या वेळी श्वास रोखून, अंगठ्यानं केसभर केसभर दाबत. पण ती गाडी हळू निघण्यासाठी बनवलेलीच नव्हती. त्यानंच तसं ठरवलं होतं. पुन्हा हिसका बसला, पुन्हा किंकाळी. पुढे चढ होता, ओल्या बर्फाचा. चार हात गेल्यावर बॉनेटखालून जळक्या रबराचा वास येऊ लागला. बेल्ट क्लचवर घसरून तापत होता. त्यानं इंजिन बंद केलं. तिसऱ्यांदा त्याचा हात थ्रॉटलवर गेला नाही.

बहिणीची गाडी टेकडीवर दिसली ती आपल्या नेहमीच्या चालीनं. घाई तिलाही होती, पण गाडी त्याहून जोरात जाणारी नव्हती. तिनं दांडी जोडली, आईच्या कमरेभोवती पट्टा आवळला. गाडी निघाली तेव्हा घसरगाडी कधी हलली हे भावाला कळलंसुद्धा नाही. चढ त्यांनी माणसाच्या चालीनं चढला. तो शेजारून गुडघाभर बर्फात चालत आईचा पाय धरून होता. उतारावर तिनं ब्रेक दाबत गाडी आणली, दांडीमुळे घसरगाडी मागे जागच्या जागी राहिली. फाटकापाशी ॲम्ब्युलन्स उभी होती.

आईच्या पायाला प्लॅस्टर घातलं. पण रस वाहायचा थांबत नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे राईत जायचंच होतं. रात्री भाऊ राईत मागे राहिलेली आपली गाडी घेऊन आला, गोठ्यात दिवा लावून शेजाऱ्याकडून मागून आणलेल्या पुलरनं क्लच काढायला बसला. कॉफीचा डबा शेजारी होता. बहीण आली, त्याला काही न विचारता तिनं दुसऱ्या बाजूनं कार्ब्युरेटर सैल केला, बूट काढला आणि अंगठ्यानं वाकवून दिव्यासमोर धरला. त्यानं पाहिलं. अख्खा हिवाळा तो याच बुटावर कुरण तुडवत होता.

तिनं फळीवरून एक पाकीट काढून त्याच्यासमोर ठेवलं. न उघडलेलं.

"हे कधीचं?"

"ऑक्टोबरातलं. दोन्ही गाड्या एकाच वयाच्या आहेत ना."

तो बराच वेळ क्लचची वजनं पुसत राहिला. मग म्हणाला, "तुला त्या दिवशी कुरणावर वाईट वाटलं असेल."

"वाटलं. मलाही पाइप हवा होता रे. पैसे पुरले नाहीत."

तो उठला, तिच्या गाडीचा प्लग काढून उजेडात फिरवून बघू लागला. प्लग काळाकुट्ट, तेलकट होता. "तुझा मेन जेट मोठा पडतोय," तो म्हणाला. "थंडीत चालून गेलं, आता हवा ऊबदार झालीय. पेट्रोल फुकट जातंय. थांब, माझ्याकडे लहान आहे. आधी माझा बूट बसव, तोवर तुझा जेट बदलतो."