कलंक कोणाचा?

शाळेतील इतिहासाच्या पुस्तकात युद्धांच्या सनावळ्या असतात, तहाची कलमे असतात, मेलेल्या सैनिकांचे आकडेही असतात. त्या युद्धात स्त्रियांचे काय झाले, याविषयी मात्र बहुधा एक ओळही नसते. ज्या गोष्टीची समाजाला लाज वाटते, ती तो लिहून ठेवीत नाही. परंतु लाज कोणी बाळगावी? ज्याने अत्याचार केला त्याने, की जिच्यावर तो झाला तिने? हा प्रश्न धम्माच्या कसोटीवर तपासून पाहणे अगत्याचे आहे.

युद्धातील बलात्कार म्हणजे सैनिकांच्या वासनेचा उद्रेक, असा एक समज आहे. तो अपुरा आहे. रवांडासाठी नेमलेल्या आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाने १९९८ साली अकायेसू खटल्यात बलात्कार हेही वंशसंहाराचे साधन ठरू शकते, असा निर्णय दिला. हे साधन चालते कसे, ते १९७१ च्या बांगला देशात दिसते. पाकिस्तानी लष्कर व त्याचे स्थानिक हस्तक यांच्या अत्याचारांना बळी पडलेल्या स्त्रियांची संख्या तेथील सरकारने दोन लाख सांगितली आणि डिसेंबर १९७१ मध्ये त्यांना 'वीरांगना' ही पदवी दिली. हेतू चांगला होता. पण कित्येक नवऱ्यांनी व बापांनी त्यांना घरात घेतले नाही. लोकांनी 'वीरांगना'चे 'वारांगना' करून टाकले. त्यांच्या मुलांना परदेशी दत्तक देता यावे म्हणून १९७२ साली खास कायदा करावा लागला. मुक्तियोद्ध्यांच्या यादीत या स्त्रियांची नावे येऊ लागली ती २०१५ साली.

याचा अर्थ असा की, शत्रू निघून गेला तरी त्याचे उरलेले काम पुरे करण्यास घरचीच माणसे पुढे होतात. शत्रूला हे पक्के ठाऊक असते. समाजाच्या मनातला विटाळच त्याला शस्त्र म्हणून उपयोगी पडतो.

आता तथागतांचा न्याय पाहा. उत्पलवर्णा थेरी ही भिक्षुणीसंघातील दोन अग्रश्राविकांपैकी एक. श्रावस्तीजवळच्या अंधवनात तिच्या कुटीत लपून बसलेल्या एका तरुणाने तिच्यावर बलात्कार केला. विनयपिटकात नोंद आहे की, तिने हे भिक्षुणींना सांगितले, भिक्षुणींनी भिक्षूंना आणि भिक्षूंनी भगवंतांना. भगवंतांनी निर्णय दिला की, तिची संमती नव्हती, म्हणून तिच्याकडे कोणताही दोष जात नाही. तिचे स्थान तसेच राहिले. धम्मपदाच्या अट्ठकथेत पुढे असे येते की, भगवंतांनी राजा प्रसेनजिताकडून भिक्षुणींसाठी नगरात निवास बांधवून घेतला. वनात राहण्याची बंदी मात्र भिक्षुणींवरच आली, असा आक्षेप आजचा वाचक घेईल, आणि तो रास्त आहे. परंतु मूळ तत्त्व निर्विवाद आहे. दोष शरीराला चिकटत नाही, तो चेतनेत असतो. जिची चेतना त्यात नाही, तिला शुद्ध करण्याचा प्रश्नच उद्भवत नाही.

हे तत्त्व समाजात उतरविणे किती अवघड असते, हे याझिदींच्या उदाहरणावरून कळते. इराकच्या सिंजार भागात ३ ऑगस्ट २०१४ रोजी इसिसने या छोट्या धर्मसमाजावर हल्ला केला. पुरुषांची कत्तल झाली, सहा हजारांहून अधिक माणसे पळवून नेली. त्यांत बहुसंख्य स्त्रिया व मुले होती. स्त्रियांना गुलाम म्हणून विकले आणि बळाने धर्मांतर करविले. जगातल्या १२० हून अधिक मुस्लिम विद्वानांनी त्याच वर्षी जाहीर पत्र लिहून या गुलामगिरीचा निषेध केला, हेही नमूद केले पाहिजे.

याझिदींचा नियम कडक होता. जन्म दोन्ही याझिदी आईबापांच्या पोटी हवा, बाहेर संबंध आला की दार बंद. शेख, पीर, मुरीद या त्यांच्या वर्गांतही आपसात विवाह नाही. अशा समाजाचे धर्मगुरू बाबा शेख यांनी जाहीर केले की, परत येणाऱ्या स्त्रिया आमच्याच आहेत, त्यांना सन्मानाने घ्या. लालिश या पवित्र स्थळी झऱ्याच्या पाण्याने त्यांचा पुन्हा स्वीकार होऊ लागला.

'शुद्धी' म्हटले की आपल्याला १९२७ चे महाड आठवते. चवदार तळ्याला आपला स्पर्श झाला म्हणून सनातन्यांनी ते पंचगव्याने शुद्ध करून घेतले. तो विधी माणसांना बाहेर ठेवण्यासाठी होता, लालिशचा विधी आत घेण्यासाठी. हा फरक मोठा आहे आणि त्या धर्मगुरूंचे धैर्यही मोठे आहे. तरीही विधीची गरज वाटली, याचाच अर्थ विटाळाची कल्पना मेली नव्हती. पुरावा लवकरच मिळाला. एप्रिल २०१९ मध्ये त्यांच्या धर्मपरिषदेने सर्व पीडितांना स्वीकारण्याचा ठराव केला. बलात्कारातून जन्मलेली मुले त्यात येत नाहीत, असा खुलासा थोड्याच दिवसांत झाला. इराकचा कायदाही बाप मुसलमान असेल तर मूल मुसलमान म्हणूनच नोंदवितो. माता आत, मूल बाहेर! कित्येक मातांना आपले मूल सोडून परतावे लागले. मार्च २०२१ मध्ये इराकच्या संसदेने पीडितांसाठी मासिक वेतन व जमीन देणारा कायदा केला, पण मुलांचा प्रश्न त्याने सोडविला नाही.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९१६ सालीच भारतातील जातींविषयीच्या आपल्या निबंधात दाखवून दिले होते की, जातीचा प्राण सजातीय विवाहात आहे, आणि तो टिकविण्याचा सारा भार स्त्रीच्या देहावर पडतो. जेथे समाजाची वेस रक्ताने आखलेली आहे, तेथे तिचा देह हीच वेस होते. म्हणून शत्रू तेथेच घाव घालतो. पीडितेला सन्मानाची पदवी देऊन हा घाव भरत नाही. वेसच पुसावी लागते.

मग समाजाने काय करावे? तिने सांगितले तर ऐकून घ्यावे, न सांगितले तर खोदून विचारू नये. अपराध्याला न्यायालयात खेचावे. तिच्या निर्वाहाची सोय दया म्हणून नव्हे, हक्क म्हणून करावी. आणि तिच्या मुलाला, तिची इच्छा असेल तर, तिच्याच नावाने वाढू द्यावे.

आपला समाज जन्माने नव्हे, धम्मदीक्षेने उभा राहिला. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला कोणी कोणाच्या रक्ताची चौकशी केली नाही. पण आजही सोयरीक जुळविताना जुनी पोटजात हळूच विचारणारी घरे आपल्यात आहेत. ती चौकशी जोवर चालू आहे, तोवर याझिदींना उपदेश करण्याचा अधिकार आपल्याला नाही. उद्या एखादी माता असे मूल कडेवर घेऊन आपल्या विहाराच्या दारात उभी राहिली, तर तिला त्रिशरण-पंचशील द्यायचे की मुलाच्या बापाचे नाव विचारायचे, हे आपण आजच ठरवून ठेवले पाहिजे.