विनामूल्य मिळालेल्याचे ऋण

जी वस्तू विनामूल्य मिळाली, तिचे आपण काही देणे लागतो काय? १९९१ साली फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने ‘लिनक्स’ या संगणकप्रणालीचा गाभा लिहिला व तो सर्वांस खुला केला. आज अँड्रॉइड मोबाइल त्याच गाभ्यावर चालतात. मोबाइलचे पैसे आपण मोजतो. त्या गाभ्याचे मूल्य मात्र कोणी मागत नाही.

परंतु मूल्य नाही म्हणून श्रमही नाहीत, असे नव्हे. इंटरनेटवरील गुप्त व्यवहारांचे रक्षण करणाऱ्या ‘ओपन एसएसएल’ या खुल्या प्रणालीत २०१४ साली ‘हार्टब्लीड’ नामक दोष उघडकीस आला. दोन वर्षे तो कोणाच्या ध्यानी आला नव्हता. मोठमोठ्या कंपन्या जिच्यावर विसंबल्या होत्या, तिची देखभाल हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी माणसे अल्प देणग्यांवर करीत होती. पाणी भरण्यास सारा गाव, गाळ उपसण्यास दोघेचौघे!

चूक लिहिणाऱ्याची खरी. परंतु विहिरीकडे ढुंकून न पाहणारे आपण सर्व निर्दोष आहोत, असे आम्हांस वाटत नाही. ज्यास विद्या आहे त्याने दोष शोधावा, ज्यास भाषा येते त्याने मराठी शब्द पुरवावेत, इतरांनी यथाशक्ती द्रव्य द्यावे. घेतल्याची आठवण ठेवणे, एवढे तरी प्रत्येकास साध्य आहे.