आत बसलेला प्रेक्षक

फ्रान्सच्या डोंगराळ मुलखातील निर्जन रस्त्यावर सायकलने घाट चढताना आपले पाय थकतात. हलका गिअर हाताशी असतो. तरी तो टाकण्यास मन धजत नाही. पाहणारे तर कोणीच नसते! मग आपण लाजतो कोणाला?

सेंत-एतियेन येथील पॉल द विवी ऊर्फ 'वेलोसियो' (१८५३-१९३०) यांनी बदलत्या गिअरचा हिरिरीने पुरस्कार केला. 'टूर द फ्रान्स'चे पहिले संचालक आंरी देग्रांज यांना मात्र ती दुबळ्यांची सोय वाटे. त्या शर्यतीत डिरेलर गिअरची मुभा सर्वांना मिळाली ती १९३७ साली.

सदैव सोपेच पत्करले तर आपले बळ कसे कळावे, हा आक्षेप रास्त आहे. परंतु बळ अजमावणे वेगळे आणि मिरवणे वेगळे. अहंकारापोटी पायडल मारू नये, असा वेलोसियोंचा एक नियमच होता. शर्यतीतील प्रेक्षक रस्त्याकडेला उभा असतो. आपला प्रेक्षक आपल्या आत बसलेला असतो. त्याच्या शाबासकीसाठी मान खाली घालून चढलो, तर माथा गाठूनही दरी, कुरणे, गावे पाहावयाची राहून जातात.

सेंत-एतियेनजवळ, ११६१ मीटर उंचीच्या रेपुब्लिक घाटमाथ्यावर, वेलोसियोंचे स्मारक आहे. तेथवर आपण हलक्या गिअरने पोहोचलो, म्हणून घाटाची उंची एका मीटरनेही कमी होत नाही.