कवच उघडल्यानंतर

एका शाळेच्या पालकसभेत पाहुणे वक्ते ती नेहमीची गोष्ट सांगत होते. अंड्यातून बाहेर यायला धडपडणारं पिल्लू एका मुलानं पाहिलं, त्याला दया आली, त्यानं कवच सोलून दिलं आणि पिल्लू मेलं. तात्पर्य असं की मुलांना मदत करू नका, त्यांना धडपडू द्या, धडपडीतूनच बळ येतं. टाळ्या झाल्या. पुढे कुणीतरी भाबडेपणानं विचारलं, "मग अशा पिल्लाचं करायचं काय?" वक्ते म्हणाले, "काही नाही. आधी फुटलेल्या अंड्याचं काही होत नसतं." आणि ते पुढच्या मुद्द्याकडे वळले.

मला त्या गोष्टीचा राग नाही. राग आहे तो या उत्तराचा. मुलांना फार जपू नये, लाडानं ती लुळी पडतात, हे आपण सगळे जाणतो. त्यावर इथे शाई घालवत नाही. पण ज्या जीवाच्या दाखल्यावर हा उपदेश उभा केलाय, त्या जीवाला एका वाक्यात मारून टाकणं मला पटत नाही. म्हणून आधी त्या पिल्लाचंच बघू.

खुडूक कोंबडी अंड्यांवर बसवली की एकविसाव्या दिवशी पिल्लं निघतात, हे गावाकडच्या पोराटोरांनाही पाठ असतं. शेवटच्या तीन दिवसांत आत काय चालतं, ते मात्र सहसा कुणी सांगत नाही. तोवर पिल्लू फुप्फुसांनी श्वास घेतच नसतं. कवचाला आतून लागून एक पातळ पडदा असतो आणि त्यात रक्तवाहिन्यांचं दाट जाळं असतं. कवचाच्या हजारो सूक्ष्म छिद्रांतून आलेला प्राणवायू हे जाळं टिपतं आणि पिल्लाकडे पोचवतं. एकोणिसाव्या-विसाव्या दिवशी पिल्लू अंड्याच्या बोथट टोकाशी असलेल्या हवेच्या पोकळीत चोच घुसवतं आणि पहिला खरा श्वास घेतं. तेव्हापासून आतून चिवचिव ऐकू येऊ लागते. मग चोचीवरच्या टणक टोकानं ते कवचाला एक टवका पाडतं. आणि थांबतं. बारा-बारा तास थांबतं, कधी पूर्ण दिवसभर.

बघणाऱ्याचा धीर सुटतो तो इथे. पिल्लू थकलं, अडकलं, गुदमरलं असं वाटू लागतं. आत मात्र फार मोठी आवराआवर चाललेली असते. पडद्यातलं रक्त हळूहळू अंगात परत येतं आणि रिकाम्या वाहिन्या सुकत जातात. उरलेला बलक पोटात ओढला जातो आणि त्याच्यावर बेंबी मिटते. श्वासाचा सगळा भार फुप्फुसं उचलू लागतात. हे उरकलं की पिल्लू आतल्या आत गोल फिरत टवका वाढवत नेतं आणि पायानं रेटा देऊन बाहेर पडतं. ज्याला आपण धडपड म्हणतो तो हा शेवटचा भाग. बऱ्याचदा तो तासा-दोन तासांत संपतो.

म्हणजे कवच आधी सोलल्यावर पिल्लू मरतं ते व्यायाम चुकला म्हणून मरत नाही. अजून रक्तानं भरलेला पडदा फाटतो आणि चाळीसेक ग्रॅमच्या जीवातलं मूठभरही नसलेलं रक्त वाहून जातं. बलक बाहेर लोंबत राहतो, बेंबी उघडी राहते, तिच्यातून जंतू शिरतात. त्याला कमी पडते ती वेळ. वक्त्यांनी वेळेचं श्रेय धडपडीला देऊन टाकलं.

यावर कुणी म्हणेल की दोन्ही एकत्रच घडतं, वेगळं कसं करणार? ते वेगळं करून दाखवलेलं आहे. २०१४ साली जपानमध्ये युताका ताहारा आणि कात्सुया ओबारा यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. जेमतेम दोन-अडीच दिवस उबवलेल्या अंड्यातला गर्भ त्यांनी कवचातून काढून प्लास्टिकच्या पेल्यात ताणलेल्या पारदर्शक पापुद्र्यावर सोडला. पिल्लाची हाडं कवचातलं कॅल्शियम घेऊन बनतात, म्हणून वरून कॅल्शियम दिलं. शेवटच्या दिवसांत प्राणवायू पुरवला. ऊब आणि ओल सांभाळली. सर्वांत चांगल्या जमलेल्या मांडणीत निम्म्याहून अधिक पिल्लं जगली. त्यांना फोडायला कवचच नव्हतं. एकवीस दिवसांचा अवधी मात्र त्यांना पुरेपूर मिळाला.

या गोष्टीची फुलपाखराची आवृत्ती तर याहून लोकप्रिय. कोषाला कात्री लावली म्हणून फुलपाखराच्या पंखांत रस उतरला नाही आणि ते जन्मभर सरपटत राहिलं, असं त्यात सांगतात. प्रत्यक्षात पंखांत द्रव भरतो तो फुलपाखरू बाहेर येऊन लटकून राहिल्यावर; अरुंद भोकातून पिळून निघण्याशी त्याचा संबंध नाही. निकोस कझान्झाकिसच्या १९४६ च्या 'झोर्बा' कादंबरीमध्ये कोषाचा असाच एक प्रसंग आहे, पण तिथे कात्री नाही. तिथला माणूस कोषावर तोंडाची वाफ सोडून फुलपाखराला घाई करायला लावतो आणि ते चुरगळल्या पंखांनी मरतं. त्या प्रसंगाचा रोख उतावळेपणावर आहे. आपण तो उपदेश फिरवत फिरवत कष्टाच्या कौतुकावर आणून ठेवला. उतावळेपणाचा दोष बघणाऱ्याकडे जातो, कष्टाची जबाबदारी पिल्लावर पडते. दुसरी आवृत्ती का आवडते, ते यात आलं.

मला मदतीचे दोन प्रकार दिसतात आणि ते मी कायम वेगळे ठेवतो. एक हाताची मदत, दुसरी उबेची. हाताची मदत दुसऱ्याचं काम त्याच्या आधी उरकून टाकते. उबेची मदत त्याचं काम त्यालाच करू देते, फक्त ते होईपर्यंत त्याला जिवंत ठेवते. ऊबही मापात हवी. उबवणी यंत्राचं तापमान चढं राहिलं तर पिल्लं लवकर निघतात, पण अशक्त आणि उघड्या बेंबीची. साडेसदतीस अंश ही ऊब आहे. त्यावरचे दोन अंश म्हणजे पुन्हा घाईच.

आता मूळ प्रश्न. कोंबडी पहिली पिल्लं निघाल्यावर दिवसा-दोन दिवसांत त्यांना घेऊन उठते आणि मागे राहिलेली अंडी तशीच सोडते. असंच एखादं अंडं कुणा पोरानं कुतूहलानं उघडलंय, आतलं पिल्लू हलतंय. काय करायचं?

पहिलं म्हणजे हात थांबवायचा. पडद्यावर लाल रेषा दिसत असतील तर तिथून पुढे एक कपचीही काढायची नाही. उघडा पडलेला पडदा उकळून कोमट केलेल्या पाण्यानं ओलसर करायचा, नाकपुड्या मोकळ्या ठेवायच्या. अंडं कवचासकट परत उबेत ठेवायचं, भोवतीची हवा दमट ठेवायची, पडदा कोरडा पडू द्यायचा नाही. वाळलेला पडदा पिल्लाला आवळून बसतो. बाहेर आलेला बलक ओढायचा नाही, कापायचा नाही. बेंबीला बोट लावायचं नाही. दाणा-पाणी द्यायचं नाही, त्याची शिदोरी त्याच्या बलकातच असते. वेळेवर निघालेलं पिल्लूसुद्धा त्यावर दोन-तीन दिवस काढतं. एका दिवसाची पिल्लं खोक्यांत भरून लांबच्या गावी पाठवता येतात ती त्यामुळेच. अर्ध्या कवचात पिल्लू रात्रभर पडून राहील, मधूनच चिवचिवेल. राहू द्यावं. सुटून बाहेर आल्यावर त्याला गुळगुळीत वर्तमानपत्रावर ठेवू नये, पाय फाकतात. खरखरीत फडकं घालावं. बेंबीला आयोडीन लावावं. यातली बरीच पिल्लं तरीही जात असतील, पण जगणारीही असतात, आणि जगणाऱ्यांना आपण आधीच मेलेल्यांत धरू नये.

वक्त्यांच्या बाजूनं एवढं मान्य करायला हवं की बहुतेक अंड्यांना कुणाच्याच हाताची गरज नसते. पण 'बहुतेक' म्हणजे 'सगळ्या' नव्हे. पिल्लाचं डोकं कधी निमुळत्या टोकाला असतं, तिथे हवेची पोकळी नसते. कधी पायच डोक्याशी आलेले असतात. अशा वेळी कितीही वाट पाहिली तरी बऱ्याचदा पिल्लू निघत नाही. कॅलिफोर्निया कॉन्डोर हे अजस्र गिधाड १९८२ साली जगात अवघं बावीस उरलं होतं. आज ते पाचशेच्या वर आहेत. २०२४ मध्ये सॅन दिएगोच्या प्रजनन केंद्रातलं अडीचशेवं पिल्लू अंड्यात असंच चुकीच्या स्थितीत अडकलं होतं आणि तिथल्या सेवकांनी त्याला हातानं बाहेर काढलं. धडपडीचं तत्त्वज्ञान सांगून तो पक्षी वाचला नसता. म्हणजे हाताच्या मदतीलाही माझी सरसकट बंदी नाही. तिनं आधी नीट बघावं, आणि रक्त आत गेल्यावर पुढे व्हावं.

इथे थोडं आडवाटेला जातो, कारण ही वाट मला फार प्रिय आहे. १८७० च्या दशकाअखेर पॅरिसचे प्रसूतितज्ज्ञ स्तेफान तार्निए तिथल्या प्राणिसंग्रहालयात गेले. तिथे ओदील मार्तँ यांनी केलेलं कोंबडीची अंडी उबवायचं यंत्र होतं. अपुऱ्या दिवसांची बाळं थंडीनं मरतात हे तार्निए रोज पाहत होते. त्यांनी मार्तँ यांच्याकडून तसंच यंत्र बाळांसाठी बनवून घेतलं आणि १८८० च्या सुमारास मातर्निते प्रसूतिगृहात बसवलं. दोन किलोच्या आतली शंभरांतली सहासष्ट बाळं तिथे दगावत; यंत्र आल्यावर तो आकडा अडतीसवर आला. पेटी गरम पाण्यानं तापवायची, एवढंच तंत्र. पुढे १९७८ च्या आसपास बोगोटात पेट्या पुरेनात, तेव्हा एदगार रे या डॉक्टरांनी बाळ आईच्या उघड्या छातीशी बांधायला सुरुवात केली. आपल्याकडे गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च'नं ३९ गावांतल्या बायकांना नवजात बाळाची घरच्या घरी काळजी घ्यायला शिकवलं : बाळ उबदार ठेवणं, दूध पाजणं, न्यूमोनिया आणि जंतुसंसर्ग ओळखून औषध देणं. तिसऱ्या वर्षी तिथले नवजात मृत्यू तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी कमी झाले. १९९९ मध्ये हे 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं.

सातव्या महिन्यात जन्मलेल्या बाळाला कुणीही म्हणत नाही की धडपड, बळ येईल. तिथे आपल्याला कळतं की त्याची राहिलेली वेळ आता बाहेर कुणीतरी भरून द्यायची आहे.

लिहायला बसलो तेव्हा त्या वक्त्यांचं पक्षिशास्त्र दुरुस्त करावं, एवढंच मनात होतं. अंडं उघडू नये, याबद्दल आमचं एकमतच होतं. पण लिहिता लिहिता दिसलं की 'उघडू नये' हा नियम अंडं उघडलेलं नसेल तोवरचाच आहे. ते उघडल्यावर, कुणीही उघडलेलं असो, 'आता निसर्ग बघेल' असं म्हणायचा अधिकार कुणाला उरत नाही. निसर्गानं दिलेली पेटी माणसानं फोडली. मग आतली ऊब, ओल आणि दिवस माणसानंच द्यायचे. पिल्लू कमकुवत निघालं की त्याच्यावर माझा हक्क वाढत नाही, माझ्यावरचं त्याचं देणं वाढतं.

हे मला एवढं टोचलं त्याचं कारण कोंबडीच्या पिल्लांपुरतं नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या बायकांपैकी सुमारे २२ टक्के बायकांची लग्नं अठराच्या आत झालेली आढळली. बीड जिल्ह्यात हे प्रमाण ४० टक्क्यांच्या वर होतं. ऊसतोडीला जाणाऱ्या आई-बापांना वयात आलेली मुलगी गावी एकटी ठेवायची भीती वाटते, आणि मुकादमाची उचल कोयत्यावर मिळते. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. मुलीचं कवच असं फुटतं. लग्नाआधी आरडाओरडा करणारे आपण लग्नानंतर मात्र शांत होतो. 'आता तिचा संसार, तिचं ती बघेल, संसारच माणसाला घडवतो,' असं म्हणतो. पालकसभेत ऐकलं तेच हे वाक्य, आणि त्या वाक्यापायी पंधरा-सोळा वर्षांची मुलगी पहिल्या बाळंतपणाला जाते.

तुमच्या ओळखीत अशी मुलगी असेल तर तिचं नाव शाळेतून कमी होऊ देऊ नका. तिच्या घरच्यांशी बोला, पहिलं बाळंतपण पुढे ढकलायला लावा, आशाताईला तिच्या घरी जायला सांगा. मूल अडचणीत असेल तर १०९८ हा चाइल्ड हेल्पलाइनचा क्रमांक आहे. आणि तिला हेही सांगा की बालविवाह प्रतिबंधक कायदा, २००६ नुसार असं लग्न झालेली मुलगी सज्ञान झाल्यापासून दोन वर्षांपर्यंत, म्हणजे वीस वर्षांची होईपर्यंत, ते लग्न रद्द करण्यासाठी न्यायालयात जाऊ शकते.